शब्दचर्चा : 'सेल्फ उचलत नाही' म्हणजे बिघाड नक्की कुठे?

अर्धविराम
ट्रकची स्टार्टर मोटर, म्हणजे 'सेल्फ', घरच्या घरी खोलून दुरुस्त करण्याची एक पुस्तिका मराठीत आणते आहे आणि दुसऱ्याच पानावर अडले आहे. मूळ मजकुरात दोन वेगळ्या तक्रारी आहेत. एक, किल्ली फिरवली तरी इंजिन जागचं हलत नाही. दुसरी, इंजिन गरागरा फिरतं पण चालू होत नाही. पहिलीत मोटर उतरवायची. दुसरीत तिला हातही लावायचा नाही, डिझेल येतंय का ते बघायचं. पहिल्या तक्रारीला मी लिहिलं, 'सेल्फ उचलत नाही'. तपासणाऱ्यांनी समासात शेरा मारला : 'उचलणे म्हणजे इंजिन चालू होणे. अर्थ उलटा झाला.' तुमच्या कानाला काय वाटतं?

तेलकट_हात
तुमचं बरोबर आहे. कर्ता सेल्फ, कर्म इंजिन. सेल्फ इंजिनाला उचलत नाही. 'इंजिन उचलत नाही' ही तिसरीच तक्रार, गाडी चढावर जोर धरत नाही म्हणून केलेली.

जुनी_चावी
माझ्या कानाला समासातला शेरा बरोबर वाटतो. आम्ही म्हणायचो, 'सेल्फ मारतोय पण उचलत नाही', म्हणजे इंजिन फिरतंय पण पेटत नाही. याच गोंधळात माझ्या मेव्हण्याने पूर्ण सेल्फ उतरवला होता. पलीकडून फोनवर 'उचलत नाहीये' एवढंच सांगितलं गेलं. ट्रकचा सेल्फ म्हणजे चांगलं वजनदार धूड, गाडीखाली आडवं पडून दोन्ही हातांनी तोलावं लागतं. खोलून बघतो तर आत सगळं लख्ख. दोष डिझेलच्या लाइनीत शिरलेल्या हवेचा होता.

शुद्धमती
एकाच क्रियापदावर तीन अर्थ लादले की हेच होणार. परिभाषा वापरा. दहावीच्या विज्ञानात 'विद्युत चलित्र' आहेच, मग 'आरंभक चलित्र' म्हणायला कोणाची हरकत? मोटरीत फिरणाऱ्या कॉम्युटेटरला दिक्परिवर्तक, त्यावर टेकून वीज पोचवणाऱ्या ब्रशला कुंचला. पुस्तिका तरी मराठी होऊ द्या.

तेलकट_हात
कुंचला घासून आखूड झालाय, नवा द्या, असं म्हटलं तर समोरचा रंगाचा डबाही काढून देईल. त्याला 'कार्बन' म्हणतात. सेल्फचे कार्बन संपले, बस.

रोहित्र
गंमत म्हणजे कुंचला हा शब्द एकेकाळी अगदी नेमका ठरला असता. सुरुवातीच्या डायनॅमोंमध्ये फिरत्या कॉम्युटेटरवर टेकवायला तांब्याच्या तारांची जुडीच असायची, म्हणून तिचं नाव ब्रश. जॉर्ज फोर्ब्सने १८८५ मध्ये कार्बनच्या तुकड्याचं पेटंट घेतलं. तारा गेल्या, नाव राहिलं. म्हणजे इंग्रजी नाव भूतकाळात अडकलंय आणि गॅरेजातला 'कार्बन' वस्तू आहे तशी सांगतो. शुद्ध कोण?

शुद्धमती
कार्बन हे मूलद्रव्याचं नाव आहे, सुट्या भागाचं नव्हे. उद्या पाण्याच्या पाइपला 'लोखंड' म्हणाल.

रोहित्र
कपड्यांवर फिरवतात त्या इस्त्रीला इंग्रजीत 'आयर्न', म्हणजे लोखंडच म्हणतात की! असो.

जुनी_चावी
'स्टार्टर' मात्र मुळीच लिहू नका. विहिरीवरच्या पंपाचा असतो तो स्टार्टर, भिंतीवरची पेटी. ट्यूबलाइटचा आणखी वेगळा. गाडीचा तो सेल्फच.

रोहित्र
आणि तो मूळचा 'सेल्फ-स्टार्टर'. आधी समोर उभं राहून हँडल मारावं लागे. चार्ल्स केटरिंगचा विजेवर चालणारा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत आला आणि गाडी 'स्वतः' चालू व्हायला लागली. उरलेला शब्द आपण कापून टाकला. माझा अंदाज, हँडल 'मारायचं' म्हणून सेल्फही 'मारायचा'.

तेलकट_हात
अंदाज जरा ताणलेला आहे. मग हॉर्न मारतो, ब्रेक मारतो, किक मारतो, त्याचं काय? मराठीत गाडीत बसल्यावर माणूस सगळं मारतोच.

रोहित्र
किक तरी पायाने मारतात! पण ठीक, आग्रह नाही. 'बेंडिक्स'वर मात्र मी हटणार नाही. इंजिनाच्या जड चाकाच्या, म्हणजे फ्लायव्हीलच्या दातांत जाऊन बसणाऱ्या छोट्या चाकाला सगळे सर्रास बेंडिक्स म्हणतात. व्हिन्सेंट बेंडिक्सची रचना वेगळी होती. त्यात चाक स्क्रूसारख्या आट्यांवरून जडत्वाने पुढे सरकायचं. आता सोलेनॉइड, म्हणजे विजेच्या चुंबकावर चालणारा खटका, त्याला ढकलतो. पुस्तिकेत 'पिनियन' लिहा.

तेलकट_हात
लिहा, आणि कंसात बेंडिक्स लिहा, नाहीतर दुकानदाराला कळणार नाही.

अर्धविराम
लिहिते. पण उचलण्याचं राहिलंच की!

वंगण
क्रियापदाच्या मागे लागूच नका. आवाजावरून लिहा, ते सगळ्यांना कळतं. किल्ली फिरवल्यावर एकदाच ठाम 'टक्' आणि शांतता : सोलेनॉइडने काम केलं पण वीज मोटरीत पोचली नाही, आतली तांब्याची चकती जळली असेल, नाहीतर कार्बन संपले असतील. 'टकटकटकटक' : बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली. सोलेनॉइडमध्ये एक ओढणारी कॉइल असते आणि एक धरून ठेवणारी. जोड लागला की मोटर भसाभस वीज ओढते, विजेचा दाब कोसळतो, धरणारी कॉइल सोडून देते. दाब पुन्हा वर येतो, पुन्हा ओढलं जातं. ट्रकच्या २४ व्होल्टला १२ च्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात, त्यातली एक कच्ची असली तरी हेच. आणि नुसतं 'घुंईं' : मोटर फिरते पण पिनियन दातांत बसत नाही किंवा त्याचा क्लच घसरतो.

अर्धविराम
हे उत्तम आहे. म्हणजे पहिली तक्रार 'टक् होतं, इंजिन फिरत नाही'…

शुद्धमती
'टक्' हलन्त लिहिणार असाल तर 'टकटक'चा पाय का मोकळा? एक काहीतरी ठरवा.

वंगण
एकटा आवाज तुटतो म्हणून हलन्त. टकटक चालू राहते. कानाने लिहिलंय, नियमाने नाही.

शुद्धमती
मग 'खटखट', 'खट्' हीसुद्धा कानाने लिहायची? शाळेत मुलांना काय सांगायचं?

तेलकट_हात
शाळेत सांगा की कॉम्युटेटर बारीक काचकागदाने घासावा, एमरीने नाही, तिचे कण वीज वाहू देतात आणि फटींत अडकून बसतात. पिनियनचा क्लच डिझेलमध्ये बुडवून धुवायचा नाही, आतलं ग्रीस निघून जातं. आणि अर्धविरामताई, पुस्तिकेत सगळ्यात आधी ठळक छापा : बॅटरीची अर्थची वायर पहिली काढायची, जोडताना शेवटी जोडायची. जिवंत टोकावरचा पाना चेसीसला टेकला तर 'टक्' हलन्त की कसा ते विचारायला कोणी थांबत नाही.

जुनी_चावी
'अर्थ' नको, वाचणाऱ्याला मीनिंग वाटेल. 'निगेटिव्ह' लिहा.

रोहित्र
पण काही जुन्या गाड्यांत पॉझिटिव्ह चेसीसला जोडलेलं असायचं. तेव्हा 'अर्थ'च बरोबर. 'भू-तार'?

तेलकट_हात
भूत तार? 🙂

अर्धविराम
बरं, निदान एवढं सांगा. मी सगळीकडे 'सेल्फ उतरवला' लिहिलंय आणि तपासणाऱ्यांनी त्याचं 'सेल्फ उतरवलं' केलंय.

जुनी_चावी
तो सेल्फ. वादच नाही.

वंगण
आमच्यात ते.