पट्टी शेवटच्या ध्रुवपदावरून ठरवा

‘आवाज बारीक नसेल तर बायकांनी कराओकेत जपानी गायिकांच्या वाटेला जाऊ नये’ असं मत इथे वाचलं, अजिबात पटलं नाही. अडतं ते बहुतेक वेळा पट्टीपाशी, म्हणजे गाणं ज्या सुरावरून गायचं त्यापाशी. जपानमधल्या कराओके यंत्रांवर पट्टी वर-खाली करता येते. एक टप्पा म्हणजे एक अर्धस्वर, पेटीवरची लगतची पट्टी. फक्त गाण्याची पट्टी पहिल्या ध्रुवपदावरून ठरवू नका. उताडा हिकारूचं ‘फर्स्ट लव्ह’ (१९९९) घ्या: सुरुवात पांढरी पाचमध्ये, पण शेवटचं ध्रुवपद काळी चारमध्ये, म्हणजे एक अर्धस्वर वर चढतं. आधीच ताणलेला गळा नेमका तिथे फाटतो. म्हणून शेवटचं ध्रुवपद आधी गुणगुणून बघा आणि गाणं सुरू होतानाच एक-दोन टप्पे उतरवा. त्याहून जास्त उतरवलंत तर कडव्यातले मुळातच खालचे सूर पुटपुटल्यासारखे येतात.

जड आवाजाला आइम्योनचं ‘मॅरिगोल्ड’ (२०१८) फार शोभतं. नाकाजिमा मियुकीचं ‘इतो’ही घ्याच, संथ लय आणि श्वासाला भरपूर जागा. लिसाचं ‘गुरेंगे’ मात्र गळा तापल्यावरच. आणि कांजी (जपानीतली चित्राक्षरं) येत नाही म्हणून बिचकू नका, पडद्यावर कांजीच्या डोक्यावर बारीक हिरागाना (उच्चार दाखवणारी सोपी अक्षरं) असतात, तेवढे वाचता आले की पुरे.