प्रतिसाद: मीटरचा तास आणि घड्याळाचा तास

वर एकांनी लिहिलंय की भाड्याच्या ट्रॅक्टरला तासाला एकच रेट ठरवा आणि ट्रॅक्टरच्या तास मोजणाऱ्या मीटरवर हिशोब करा, वादच नको. रेट ठरवून घ्या हे पटलं, पण मीटरवर वाद मिटत नाही, उलट तिथूनच सुरू होतो. जुन्या, इंजिनला केबलने जोडलेल्या मीटरचा तास हा घड्याळाचा तास नसतो, तो इंजिनच्या फेऱ्यांवर चालतो. समजा मीटर १५०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला १५०० फेऱ्यांना सेट आहे, तर १८०० वर रोटाव्हेटर (माती भुसभुशीत करणारं फिरत्या पात्यांचं अवजार) मारला की घड्याळाच्या १ तासात मीटर ७२ मिनिटं दाखवतं, आणि १००० वर हळू चालवला तर ४० च.

आमच्याकडे मागच्या उन्हाळ्यात हेच झालं, मी बांधावर बसून घड्याळ लावलेलं, बरोबर ३ तास, आणि ड्रायव्हर म्हणतो दादा मीटरवर ३.६ झालेत. तासाला १००० प्रमाणे ६०० रुपयांचा फरक. तो खोटं बोलत नव्हता आणि मीपण नाही, पण अर्धा तास तोंडातोंडी झाली आणि वाईट वाटलं, कारण माणूस चांगला आहे, दरवर्षी वेळेवर येतो. म्हणून आता ट्रॅक्टर शेतात घालायच्या आधीच बोलून घेतो, घड्याळ की मीटर. रोटाव्हेटर तर एकरावरच देतो, ४० गुंठ्याचे इतके, बस. नांगरटीला मात्र तासच बरा, आमचं अर्धं रान मुरमाड आहे, तिथं एकराचा रेट ट्रॅक्टरवाल्याला परवडत नाही आणि मग तो नांगर वरवर ओढतो.