विषय: प्लाय की भिंत? आज रात्रीपर्यंत कळवा

मंडळी,
काल बालवाडीत जाऊन आले. आपण फोटोत पाहिलेली भिंत आता तशी राहिलेली नाही. कमरेएवढ्या उंचीपर्यंत लोणा लागलाय, हात लावला की चुन्याचे पापुद्रे पडतात. त्यावर मुलांचं कोलाज टिकायचं नाही. सुतार म्हणतो मरीन प्लाय घ्या, आठ बाय चारचे तीन. त्याला रात्री सांगायचंय. हो की नाही एवढंच कळवा, बाकी चर्चा नको, प्लीज.
– शनिवार शाळेची ताई, मुक्काम कोल्हापूर

---

ठरलं होतं भिंतीवर करायचं. देणगीदारांना तसंच कळवलंय. तीन प्लाय, वर सुताराची मजुरी, हे कार्यकारिणीपुढे यायला हवं. मखराच्या वेळी जे झालं ते सगळ्यांना आठवत असेलच.
– खजिनदार

---

मखर कशाला उकरून काढताय आता?
भिंत खरवडून सिमेंटचा गिलावा करा असं कुणी सुचवायच्या आधी सांगतो, ओल आत कोंडते आणि आणखी वर चढते. आमच्या गंगावेशीच्या घरात करून बघितलंय. आणि प्लाय स्क्रूने ठोकल्यावर पुराचं काय? पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ ला आणि २०२१ ला पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. रात्री पाणी गल्लीत आल्यावर स्क्रू काढत कोण बसणार?
बाबूराव पेंटर आणि आनंदराव पेंटर ह्याच गावात नाटकांचे पडदे रंगवायचे. पडदाच करा की! मांजरपाट घ्या, पाणी वाढायला लागलं की गुंडाळून माडीवर न्या.
– गंगावेशीतले काका

---

बाबूरावांनी १९१८ च्या सुमारास सिनेमाचा कॅमेराही कोल्हापुरातच तयार केला होता, हे आमच्या मुलांना कुणी सांगतच नाही. विषय रंकाळाच ठेवा. रंकाळ्याची चित्रं काढणाऱ्या आबालाल रहिमानांच्या गावात दुसरा विषय शोधायची गरज काय?
– माजी सचिव

---

काका, पडदा चांगला, पण कागद लावलेला पडदा गुंडाळला की सगळं मोडणार. फेविकॉल जाड लागला तर वाळून पत्र्यासारखा कडक होतो. कापडावर कापडच लावा. शिंप्याकडे चिंध्या पोत्याने मिळतात. मुलांनी ठिपका-ठिपका फेविकॉल देऊन चिकटवायचं, नंतर आयांनी गोधडीसारखा धावदोरा घालायचा. चार वर्षांच्या मुलाला कापड कापता येत नाही, तेव्हा तुकडे आधीच करून ठेवा.
कागद मात्र अजिबात सोडू नका. जुनी कॅलेंडरं, लग्नपत्रिका मुलांना हाताने फाडू द्या. ह्या वयात खरं काम फाडण्याचंच आहे, चिमटीत जोर त्यानेच येतो. ते वर्गात पुठ्ठ्यावर होऊ दे, टिकलं नाही तरी चालतं.
आणि मागे कुणीतरी मैद्याच्या खळीत मोरचूद घाला म्हटलं होतं, झुरळं लागत नाहीत म्हणून. ते विष आहे हो! पोरं बोटं तोंडात घालतात.
– कागलच्या वहिनी

---

मोरचूद मी भिंतीवरच्या पोस्टरांसाठी म्हटलं होतं, पोरांसाठी नव्हे.
– गंगावेशीतले काका

---

वहिनींचं पटलं. सुताराला नाही म्हणून कळवते.
विषयाचं म्हणाल तर आज मुलांनाच विचारलं. रंकाळा एकीनेच सांगितला, तोही भेळेसाठी. बाकी सगळ्यांना म्हैस पाहिजे. दूध कट्ट्यावरची, धार काढताना, शेजारी पेला घेऊन आजोबा. तेव्हा काळं कापड भरपूर लागणार.
– ताई

---

म्हैस??
– माजी सचिव

---

म्हशीला माझी हरकत नाही. मांजरपाटाचं बिल मंडळाच्या नावाने घ्या, आणि पक्कं घ्या. चिंध्या फुकट मिळत असतील तर तसं लिहून ठेवा. पडदा टांगायला दांडा लागेल, तो कुठल्या खात्यात टाकू?
– खजिनदार

---

कुठल्याच नको. पुतण्याला सांगतो, चिव्याची काठी आणून देईल. ताई, भिंतीची रुंदी कळवा.
– गंगावेशीतले काका