स्पेनमध्ये राहून लँकशायरचा चहा पिणे हा अपराध आहे काय?

निळीशाई (तोरेव्हिएखा, स्पेन):
परवा कडूलिंब यांनी इथे लिहिले की स्पेनच्या किनाऱ्यावर स्थायिक झालेले ब्रिटिश पंधरा-पंधरा वर्षे राहूनही स्पॅनिश शिकत नाहीत, मायदेशाहून चहाच्या पुड्या मागवतात, ‘कपा’ (कपभर चहा), ‘ब्रू’ (चहा) आणि ‘टा’ (आभार) याच बोलीत वावरतात आणि ही साम्राज्याची उरलेली मग्रुरी आहे. दोन दिवस हे मनातून जाईना, म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्या शेजारच्या आजी उत्तर इंग्लंडमधल्या लँकशायर परगण्याच्या आहेत. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी मला ‘टी’साठी बोलावले, तेव्हा मी घरी पोटभर जेवून संध्याकाळी सहाला गेले, आणि समोर ‘पाय’ (पिठाच्या पारीत सारण भरून भाजलेला पदार्थ), उकडलेले वाटाणे व बटाटे आले. उत्तर इंग्लंडमध्ये ‘टी’ म्हणजे संध्याकाळचे जेवण, हे मला तिथे कळले. चहा त्यानंतर आला आणि किटली उचलताना त्यांनी विचारले, ‘शॅल आय बी मदर?’ चहा ओतणाऱ्याने क्षणभर सर्वांची आई व्हायचे, एवढाच त्याचा अर्थ. इथल्या दुकानांत बहुतेक दूध उच्च तापमानावर तापवून खोक्यात भरलेले असते आणि त्याचा वास चहात उतरतो, म्हणून ताज्या दुधासाठी त्या बस बदलून जातात. पाणी जड असल्याने चहावर साय धरल्यासारखा तवंग येतो, म्हणून गाळणयंत्रही त्यांनी बसवले आहे.

2020 च्या वसंतात स्पेनमध्ये घराबाहेर पडायला बंदी असताना साताऱ्याला माझे वडील गेले आणि मला जाता आले नाही. पुढचे तीन आठवडे त्या बाईने रोज दुपारी चारला दोन घरांमधल्या गडग्यावर लोकरी टोपडे घातलेली किटली ठेवली आणि स्वतः अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. त्या चहाला कुणी मग्रुरी म्हटले तर मी ऐकून घेणार नाही.

कडूलिंब (मँचेस्टर):
आपल्या वडिलांबद्दल वाचून वाईट वाटले आणि त्या आजींविषयी माझी काहीच तक्रार नाही. परंतु एका भल्या बाईवरून एका समाजाचा निवाडा होत नाही. मी बारा वर्षे इंग्लंडमध्ये राहतो. माझ्या आईला दवाखान्यात दुभाषा लागला तेव्हा खिडकीवरच्या माणसाने सर्वांसमोर सुनावले की या देशात राहायचे तर इथली भाषा शिका. तोच माणूस उद्या निवृत्त होऊन स्पेनच्या किनाऱ्यावर बेनिडॉर्मला गेला तर तिथे त्याला ‘एक्सपॅट’, म्हणजे परदेशी राहणारा पाहुणा, म्हणतील. आपण मात्र स्थलांतरित! ब्रेक्झिटनंतर, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, वास्तव्याचा परवाना नसलेल्या ब्रिटिशांना 180 दिवसांत 90 दिवसच राहता येऊ लागले, तेव्हा त्यांतल्या कित्येकांना आपण परके आहोत याचा प्रथमच साक्षात्कार झाला.

शिवाय परंपरा कोणाची म्हणायची? पान चीनचे, मळे आसामचे. 1662 साली पोर्तुगालची कॅथरीन दुसऱ्या चार्ल्सची राणी होऊन आली, तेव्हा आंदणात मुंबई बेट आले आणि चहाची दरबारी आवडही तिच्यामुळेच वाढली. ज्या ‘टेटली’ चहासाठी ही माणसे जीव टाकतात, ती कंपनी 2000 साली टाटांनी 27 कोटी 10 लाख पौंडांना विकत घेतली आहे.

दोन कप (न्यूयॉर्क):
मूळ कोणाचे यावर परंपरा ठरवायची तर आपल्या पोह्यांतली मिरची आणि उपवासाचा बटाटासुद्धा परत करावा लागेल, तेव्हा तो मुद्दा सोडून द्यावा.

इथली विजेच्या किटलीची गोष्ट सांगतो. अमेरिकेत घरगुती वीज 120 व्होल्टची असल्याने किटली साधारण 1500 वॉटची मिळते. ब्रिटनमध्ये ती 3000 वॉटपर्यंतची असते. त्यामुळे तिथल्यापेक्षा इथे पाणी उकळायला दुप्पट वेळ जातो आणि पुष्कळ घरांत ती नसतेच. उकळत्या पाण्याशिवाय काळा चहा नीट उतरत नाही, त्यामुळे कार्यालयातली माझी ब्रिटिश सहकारी स्वतःची किटली मेजाखाली ठेवते. ग्रेनिच व्हिलेजमध्ये 1990 पासून ‘टी अँड सिंपथी’ नावाचे चहाघर आहे, तिथे मी तिच्यासोबत जातो. तिथे तिचा स्वरच बदलतो. कार्यालयात जपून बोलणारी ती तिथे ‘नॅकर्ड’ (थकून गेले) आणि ‘गटेड’ (फार निराश झाले) म्हणून मोकळी होते. तिने अमेरिकी इंग्रजी शिकायचे नाकारले आहे काय? मुळीच नाही, दिवसभर ती तेच बोलते.

दुसरे उदाहरण अर्जेंटिनाचे. 1865 साली सुमारे दीडशे वेल्श माणसे (ब्रिटनमधल्याच वेल्सची) ‘मिमोसा’ जहाजातून पातागोनियात उतरली, तीच मुळी इंग्रजीच्या दडपणापासून आपली भाषा वाचवण्यासाठी. आज गायमान गावात त्यांच्या वंशजांची चहाघरे आहेत. त्यांतल्या एकात 1995 साली डायना येऊन चहा पिऊन गेली. यात साम्राज्य कुठे आहे?

कडूलिंब:
आपण माझीच बाजू मांडलीत. पातागोनियाचे वेल्श स्पॅनिश शिकले, वेल्शही टिकवली आणि काळा केक खात चहाही पितात. चहाला माझा विरोध नाही, हे मान्य करून टाकतो. माझा विरोध शेजाऱ्याची भाषा न शिकण्याला आहे.

देवळालीकर (नाशिक):
आपण सर्व त्यांच्या बोलीचे एवढे कौतुक करता आहात, तर तिच्यातला एक शब्द मीही सांगतो. डोके फिरलेल्या माणसाला ते ‘डूलॅली’ म्हणतात. तो शब्द म्हणजे माझे गाव देवळाली आहे. दुबईत नोकरीला असताना एका ब्रिटिश वरिष्ठाने भर बैठकीत एका मुलीला ‘डूलॅली’ म्हटले आणि सगळे हसले. मी उठून सांगितले की मी त्याच गावात जन्मलो आहे, तर ते आणखी हसले. असली बोली जपल्याबद्दल मी कुणाला शाबासकी देणार नाही.

दोन कप:
आपला संताप समजतो, परंतु त्या शब्दाने गावाची नालस्ती होत नाही. देवळालीच्या छावणीत मुदत संपलेले गोरे शिपाई घरी जाण्याची वाट पाहत. सैन्य नेणारी जहाजे हिवाळ्याच्या हंगामातच सुटत. हंगाम टळला की उन्हाळा आणि पावसाळा तिथेच काढायचा, काम नाही, ताप आहे, दारू आहे. मूळ शब्दप्रयोग ‘डूलॅली टॅप’, आणि त्यातला ‘टॅप’ हा आपला तापच आहे. घराच्या ओढीने खचलेल्या माणसांचा तो शब्द आहे आणि मायदेशाला ते म्हणत ‘ब्लायटी’, म्हणजे आपली ‘विलायती’. जहाजाची वाट पाहणारा तो शिपाई आणि तोरेव्हिएखाच्या आजी यांच्यात मला फार अंतर दिसत नाही.

देवळालीकर:
अंतर दिसत नाही? आजी स्वखुशीने उन्हात राहायला गेल्या आहेत. शिपाई दुसऱ्याच्या देशावर बंदूक घेऊन आला होता, आणि त्याच्या कंटाळ्याचे खापर मात्र दीडशे वर्षे माझ्या गावाच्या नावावर फुटते आहे. न्यूयॉर्कमध्ये बसून व्युत्पत्ती शिकवणे सोपे आहे. आपल्या गावाचे नाव घेऊन कुणी वेड्याला हाक मारली असती तर आपण एवढे शांत राहिला नसता.

दोन कप:
नसतो राहिलो, हे कबूल. पण शब्द वापरणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना ते गाव आहे हेच ठाऊक नसते.

देवळालीकर:
तेच तर अधिक लागते.

निळीशाई:
कडूलिंब, आजींना स्पॅनिश येत नाही, हे मला मान्य करावे लागते. औषधाच्या दुकानात त्यांच्या बाजूने मीच बोलते आणि कधीकधी मलाही त्याचा त्रास होतो. त्यांनी शिकायला हवे होते, एवढे तुमचे खरे. देवळालीकर, त्या ‘डूलॅली’ हा शब्द स्वतःच्या विसरभोळेपणासाठी रोज वापरतात आणि मी आजवर काही बोलले नाही, कारण मलाही तो आपल्या देवळालीचा आहे हे माहीत नव्हते. उद्या चारला गडग्यापाशी भेटू तेव्हा सांगेन.

देवळालीकर:
अवश्य सांगा. गाव नाशिकजवळ आहे, हवा इतकी चांगली की मुंबईची माणसे तिथे आजारपणातून उठायला येत, आणि आपल्या तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र आज तिथेच आहे, हेही सांगा.