बाप्तिस्म्याआधी गेलेलं बाळ कुठे जातं?

बावखल
आम्ही वसईचे कॅथलिक. माझ्या आजीचं पहिलं मूल जन्मल्याच्या दुसऱ्या रात्री गेलं. बाप्तिस्मा झाला नव्हता. अडीअडचणीला सुईणसुद्धा डोक्यावर पाणी घालून बाप्तिस्मा देऊ शकते, हे आजीला नंतर कळलं आणि आयुष्यभर टोचत राहिलं. दफनभूमीत जागा मिळाली नाही. आजोबांनी बाळ जुन्या लुगड्यात गुंडाळून कुंपणाबाहेर माडाखाली पुरलं. दर २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, घरच्या सगळ्या कबरींवर मेणबत्त्या लावून झाल्या की आजी एक मेणबत्ती पदराआड धरून कुंपणाकडे जायची. तिथे वारा फार. मी लहान होतो, काडेपेटी माझ्याकडे असायची.

हा एका पाद्र्याचा कठोरपणा नव्हता. १९१७ च्या चर्चच्या कायद्यातच होतं की बाप्तिस्मा न झालेल्याचा धर्मविधीने दफनविधी करायचा नाही. त्यामागे ऑगस्टीन या जुन्या धर्मपंडिताची शिकवण: आदामाचं पाप जन्मतःच प्रत्येकात उतरतं, म्हणून बाप्तिस्म्याविना मेलेल्या तान्ह्यालाही शिक्षा आहे, फक्त सगळ्यांत सौम्य. १४३९ साली फ्लॉरेन्सच्या परिषदेनेही तेच लिहिलं, नुसतं आदिपाप (आदामाकडून आलेलं पाप) घेऊन मेलेलेही नरकातच उतरतात, शिक्षा तेवढी वेगळी. मग कोणालाच हे सोसवेना म्हणून 'लिंबो' आलं. तिथे यातना नाहीत, पण देवाचं दर्शनही नाही.

दोन दिवसांच्या जिवाने काय केलं होतं? जो देव हे करतो त्याला मी 'बाप' कसं म्हणू?

पायवाट
तुमच्या आजीबद्दल वाचून वाईट वाटलं. पण मीही कॅथलिकच आहे, म्हणून सांगतो. लिंबो हा चर्चचा सिद्धांत कधीच नव्हता, धर्मपंडितांचं मत होतं. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात स्पष्ट आहे की अशी बाळं आपण देवाच्या दयेवर सोपवतो. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मपंडितांच्या आयोगानेही त्यांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत असं म्हटलं. आणि आदिपाप म्हणजे बाळाने केलेला गुन्हा नव्हे. बापाने घर गहाण टाकलं तर मूल बेघर जन्मतं, त्यात मुलाची चूक नसते. तसं.

बावखल
गहाणाचा दाखला पटला. पण बेघर जन्मलेल्या मुलाला कोणी तुरुंगात टाकत नाही. बायबलमधल्या यहेज्केलच्या १८ व्या अध्यायात देव स्वतःच म्हणतो की बापाच्या पापाचा भार मुलाने वाहायचा नाही. आणि सिद्धांत नव्हता तर कुंपण कसलं होतं?

मिरजकर
मी प्रोटेस्टंट. तुमचा घोळ बाप्तिस्म्याला तारण समजण्यात आहे. तारण विश्वासाने होतं, पाण्याने नाही. बायबलमधल्या दावीद राजाचं बाळ सात दिवसांत गेलं तेव्हा तो म्हणाला, मी त्याच्याकडे जाईन, ते माझ्याकडे परत येणार नाही. बाळ देवाजवळ आहे याची त्याला खात्री होती. पण त्यावरून नरकच नाकारू नका. मत्तय २५ मध्ये सार्वकालिक शिक्षा आणि सार्वकालिक जीवन एकाच वाक्यात आहे, मापही एकच. नरक नसेल तर प्रभूने वधस्तंभावर प्राण कशासाठी दिला?

बावखल
बाळ सुटलं, बरं वाटलं. मग तुकोबांचं काय? ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक म्हणायचे की मी तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. तुमच्या हिशेबाने टिळक स्वर्गात आणि ज्या पुलावरून गेले तो पूल आगीत?

मिरजकर
न्याय देवाचा, माझा नाही. तुकोबांबद्दल मी तोंड उघडणार नाही. पण येशूखेरीज दुसऱ्या नावाने तारण नाही, हे प्रेषितांच्या कृत्यांत आहे. ते मी खोडू शकत नाही, आणि खोडायचंही नाही.

पायवाट
इथे मी मिरजकरांशी सहमत नाही. ज्यांना स्वतःच्या दोषाशिवाय ख्रिस्त कळला नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात, त्यांचंही तारण होऊ शकतं, हे १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मान्य केलंय. तुकोबांहून मनापासून कोणी शोधलं?

आंबेमोहर
हे वाद महाराष्ट्राला नवे नाहीत. १८५७ मध्ये हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत होते. आमच्या कर्मसिद्धांतात ही अडचणच नाही. ज्याचं त्याला, दुसऱ्याच्या पापाचं ओझं नाही, आणि नरकही कायमचा नाही.

सुपारी
आंबेमोहर, थांबा जरा. माझ्या बहिणीचं बाळ पोटातच गेलं तेव्हा तेराव्याच्या आत दोघी जणी घरी येऊन सांगून गेल्या की मागच्या जन्मीचं काहीतरी असणार. ती अजून त्या दोघींच्या दारात जात नाही. कायमचा नरक नाही हे चांगलंच, पण बाळावर आणि आईवर बोट रोखायची सोय तिथेही आहे.

आंबेमोहर
त्या बायकांचं चुकलं. सिद्धांताचं नाही.

बावखल
पायवाट यांनीही अगदी हेच म्हटलं होतं, सिद्धांत तसा नव्हता. पण आईपर्यंत पोचतं ते तेवढंच.

पायवाट
हे मात्र खरंय. १९८३ च्या नव्या कायद्यात, आईबापांची बाप्तिस्म्याची इच्छा होती अशा बाळाचा दफनविधी बिशपच्या परवानगीने करता येतो. तुमच्या फादरांना भेटा. त्या बाळासाठी मिस्सा (चर्चमधली प्रार्थनाविधी) सांगता येईल.

बावखल
माड गेला, तिथून आता रस्ता जातो. मिस्सा सांगेन. पण मला एकदा वेदीवरून ऐकायचंय की तेव्हा चुकलं होतं.

पायवाट
'चुकलं' म्हणतील असं वाटत नाही. 'आशा आहे' म्हणतील.

बावखल
आजीला तेवढंही पुरलं असतं. मला नाही पुरत.