युद्ध जाहीरच नाही, मग जिनिव्हा करार लागू कसा?

रंकाळ्यावरचा:
काल मंगळवार पेठेत चहाच्या गाड्यावर मित्रासंगं जुंपली. त्याचं म्हणणं, जिनिव्हा करार, म्हणजे युद्धात जखमी, कैदी नि साध्या माणसांशी कसं वागायचं त्याचे नियम, ते आजोबांच्या जमान्यातले, आता ड्रोन आलेत, युद्ध कोण जाहीर करत नाही, मग कसला कायदा नि कसलं काय. आणि दवाखान्यात हत्यारबंद माणसं घुसली तर तो उडवायचा का नाही? मला उत्तर सुचंना, वर चहाचे पैसे पण मीच दिले. कोण कायदेवाले हायत का हितं?

काळाकोट:
जाहीर करायची गरजच नाही भावा. १९४९ च्या चारही करारांत कलम २ सारखंच आहे, दोन देशांत प्रत्यक्ष चकमक झाली की करार लागू, एकजण ‘हे युद्ध नव्हेच’ म्हणत बसला तरी. २०१९ आठव की, आपल्या हवाई दलाचे वैमानिक अभिनंदन वर्धमान पाकिस्तानात सापडले तेव्हा युद्ध कुठं जाहीर होतं? तरी ते युद्धकैदीच, आणि कैद्याचा लोकांपुढं तमाशा करायचा नाही असं तिसऱ्या कराराचं कलम १३ सांगतं, म्हणून तर डोळे बांधलेल्या त्या व्हिडिओवरनं एवढी बोंब झाली. देशातल्या देशात बंडखोरांशी लढाई पेटली तर चारही करारांतलं कलम ३ लागू. ड्रोनचं म्हणशील तर हत्यार नवं, पण समोर सैनिक आहे का साधा माणूस हे बघायची जबाबदारी तीच.

माजी_फौजी:
सैनिक टाकळीचा हाय. आमच्या अंगावर ओळखीचे दोन बिल्ले असायचे. माणूस पडला की एक त्याच्या अंगावरच ठेवायचा, दुसरा काढून घ्यायचा, शत्रूचा असला तरी तसंच. हे पण त्याच चार करारांतलं. आणि पकडलं गेलं तर नाव, हुद्दा, नंबर, जन्मतारीख, पुढं गप्प.

रंकाळ्यावरचा:
दवाखान्याचं राहिलंच की ओ.

काळाकोट:
चौथा करार, कलम १८ नि १९. दवाखान्यावर हल्ला बंद. तिथनं गोळीबार, दारूगोळ्याचा साठा असलं काय चाललं तर संरक्षण जातं, पण आधी इशारा द्यायचा, वेळ द्यायचा, तरी ऐकलं नाही तरच. नुसते जखमी सैनिक खाटेवर हायत, त्यांच्या बंदुका कोपऱ्यात पडल्यात, हे कारण चालत नाही. आणि इशारा दिला म्हणजे रान मोकळं असंही नाही, आतल्या पेशंटचा जीव लष्करी फायद्यापुढं किती जातोय ते तोलावंच लागतं. मोडणाऱ्याला धरणार कोण, तिथं मात्र गाडी अडते, युद्धगुन्ह्यांचे खटले चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा आपला देशसुद्धा सदस्य नाही.

रंकाळ्यावरचा:
मित्राला स्क्रीनशॉट टाकला. विचारतोय, वेळ म्हणजे किती तास?

काळाकोट:
तास लिहिलेलेच नाहीत. ‘वाजवी मुदत’ एवढंच. भांडा आता परत, पण चहा त्याच्याकडनं घे.