मदत हवी आहे: एआरपीकेडी (किडनी-लिव्हरचा आनुवंशिक आजार), फक्त किडनी बदलायची की लिव्हरही?

नमस्कार मंडळी. 9 वर्षांची मुलगी, उंची 118 सेमी, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) 3.2. म्हणजे श्वार्ट्झ सूत्राने ईजीएफआर (किडनीची गाळण्याची क्षमता) जेमतेम 15. पीकेएचडी1 जनुकाच्या दोन्ही प्रतींत दोष, सोबत जन्मजात लिव्हर फायब्रोसिस (लिव्हरमध्ये तंतुमय चट्टे) आणि कॅरोली (लिव्हरमधल्या पित्तनलिका फुगणं). पाणथरी (प्लीहा) बेंबीखाली दोन बोटं लागते, प्लेटलेट्स 68,000.

एसजीपीटी, आयएनआर (लिव्हरचं काम तपासणाऱ्या रक्तचाचण्या) नॉर्मल आहेत, म्हणून ‘लिव्हर ठीक आहे’ असं घरच्यांना सांगितलं गेलंय. हे पटत नाही. या आजारात लिव्हरच्या पेशी शेवटपर्यंत काम करतात. बिघाड पित्तनलिकांत आणि पोर्टल शिरेच्या (लिव्हरकडे रक्त नेणारी शीर) दाबात असतो. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना बँडिंग (रबरी कड्यांनी बांधणं) झालंय, पण वर्षात दोनदा कोलँजायटिस (पित्तनलिकांचा संसर्ग) झाला. नुसती किडनी बसवली तर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांवर तिसरा झटका थेट सेप्सिसवर (संसर्गामुळे जिवावर बेतणारी अवस्था) जाईल, ही खरी भीती.

अशा मुलांमध्ये दोन्ही अवयव एकत्र बदलण्याचा निर्णय कशावर घेतलात? आईची किडनी जुळते, पण आई वाहक आहे (त्याच जनुकाची एक प्रत सदोष). सोनोग्राफीत आईच्या लिव्हरमध्ये बारीक सिस्ट (पाण्याच्या गाठी) दिसल्या, तर दाता म्हणून चालते का? आणि तोवर मुलीला ताप आला की ब्लड कल्चर (रक्तातले जंतू शोधणारी तपासणी) घेऊन लगेच शिरेतून अँटिबायोटिक, की कावीळ दिसेपर्यंत थांबता?